जबाबदारी : वर्गशिक्षिका

मुख्याध्यापकांच्या खोलीत चारच खुर्च्या होत्या,
मी वर्गातलं स्टूल उचलून नेलं.
वर बेचाळीस मुलं अलीनाच्या हवाली,
"बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही" एवढं सांगून.
अर्धा कान त्यामुळे जिन्याकडे.

मृणालबाईंनी फाइल उघडली.
सुमेध ओव्हाळ, चौथी ब.
त्याची आई खडकीच्या लाँड्रीतून
अर्ध्या दिवसाची रजा मागून आलेली,
बोटांना अजून खळीचा वास.

आराखडा चांगला होता, खोटं कशाला बोलू.
डावीकडे उद्दिष्टं, उजवीकडे मुदत.
मार्चपर्यंत पाच शब्दांचं वाक्य वाचेल.
हातच्याची वजाबाकी करेल.
आठवड्यातले दोन तास तो मृणालबाईंकडे.
उरलेले अठ्ठावीस माझ्याकडे,
ते कागदावर कुठेच नव्हते
आणि मलाही ते तेव्हा खटकलं नाही.
मी सहीची जागा शोधत होते.

मग एक ओळ आली :
मधूनच कान झाकतो, बाकाखाली शिरतो. कारण : अज्ञात.

आई म्हणाली, घरी नाही करत असं.
समुपदेशक मॅडम म्हणाल्या,
महिनाभर तक्ता ठेवू, मग बघू.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मालगाडी.

सगळे वळले. स्टूल डुगडुगलं.
म्हटलं, रूळ आपल्या कुंपणापलीकडेच ना.
आपल्याला गाडी कळते ती बोपोडीत शिरल्यावर,
त्याला ती दापोडीच्या पुलावर असतानाच कळते.
खिडकीचा गज थरथरतो,
गजाला टेकलेलं बाक थरथरतं,
बाकाला टेकलेला तो.
मी पाढे थांबवत नाही.
तो खाली जातो, गाडी जाते, तो वर येतो
आणि म्हणतो, अठ्ठावन्न.
मी म्हणते, पुढचं लिही.

एवढं बोलले आणि जीभ अडखळली.
त्या गजापाशी त्याला बसवलं कुणी,
हे कुणी विचारलं नाही.
मीच. जूनमध्ये. शेवटचं बाक,
बाकीच्यांना त्रास नको म्हणून.
पाच महिने मला सगळं माहीत होतं,
फक्त ते कुणाला सांगण्यासारखं आहे
हे माहीत नव्हतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं.
रागावली असती तर बरं झालं असतं.
तिनं विचारलं,
"डबे बरोबर मोजतो का हो?"

मी कधी ताडून पाहिले नव्हते.

मृणालबाईंनी नवी ओळ आखली.
जागा : दुसरी रांग, आतल्या भिंतीकडे.
फळ्यावरचं अक्षर : मोठं.
गाडी जाईपर्यंत : थांबणे.
जबाबदारी, आणि पेन अधांतरी धरून म्हणाल्या,
"तुमचं नाव घालू?"
सतरा वर्षांत खिचडीच्या वहीवर, मतदार याद्यांवर,
कशाकशावर सह्या केल्या.
घाला म्हटलं, आणि आडनावही सांगितलं,
जणू त्यांना ते ठाऊक नव्हतं.

वर्गात आले तर फळ्यावर चौदा नावं,
पहिलं अलीनाचंच, प्रामाणिक पोर.
सुमेधचं बाक ओढलं, पाय फरशीवर किंचाळले,
त्यानं कान झाकले.
हे आराखड्यात नव्हतं.
मग मी आणि शौनकनं ते उचलून नेलं,
माझी कंबर दोन दिवस बोलत होती.

दुपारी गज थरथरला. मी खडू खाली ठेवला.
वर्ग आधी हसला, मग कंटाळला, मग गप्प झाला.
मी खिडकीशी उभी राहून मोजत गेले.
तो भिंतीकडे तोंड करून,
एक हात कानावर, दुसरा भिंतीला.

माझे छप्पन्न आले.
त्याचे अठ्ठावन्न.
"बाई," तो म्हणाला, भिंतीलाच,
"इंजिनं दोन होती."